विमलताईंचा दुसरा आवाज

"भाऊ, आवाज माहाच हाये. पन मी हे बोललीच नाही."

विमलताईंनी फोन माझ्या टेबलावर ठेवला. क्लिपमध्ये चेहरा त्यांचाच, आमच्या जुन्या एपिसोडमधून उचललेला. सांगत होत्या, हा काढा घ्या, शुगरच्या गोळ्या बंद करा.

चिखलीत आमचा छोटा स्टुडिओ आहे. वऱ्हाडी कॉमेडीच्या यूट्यूब चॅनलसाठी मी साउंड एडिटिंग करतो. विमलताई देऊळघाटच्या. घरी भाजीपाल्याची शेती, चॅनलवर भांडकुदळ सासू. त्यांचा आवाज आमच्या भागात सगळे ओळखतात.

"हे व्हॉइस क्लोनिंग," मी सांगितलं. माणसाचं थोडं रेकॉर्डिंग दिलं की सॉफ्टवेअर त्याच आवाजात हवं ते बोलतं.

"आमच्या शेजारच्या गोदाकाकूनं गोळ्या सोडल्या ना. म्हने, विमल सांगते म्हनजे खरंच असन."

मी क्लिप रिपोर्ट केली. तपासणी सुरू आहे, असं छापील उत्तर आलं. क्लिप मात्र चालूच.

चॅनलचे मालक फोनवर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता खुलासा टाका."

विमलताई कॅमेऱ्यासमोर बसल्या. मेकअप नाही, अभिनय नाही. घाबरलेल्या, म्हणून हळू बोलल्या. व्हिडिओ टाकला. पहिलीच कमेंट आली, "हाच फेक हाये. विमलताई इतकी हळू बोलतच नाही."

त्यांनी ती दोनदा वाचली.

"मंग मी खरी कशी दिसू?"

मग ताई गोदाकाकूंना फोन लावू लागल्या. कोणी उचलत नव्हतं. देऊळघाटला जायला मी गाडी काढली. बुलढाणा ओलांडेपर्यंत ताई मागे बसून रिडायल करत होत्या.

काकू बाजेवर पडल्या होत्या. ओठ कोरडे, नजर जड.

"काकू, ते मी नाही बोलली."

"मंग कोन बोललं? म्या पाह्यलं ना तुले."

"मशीन बोललं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे. पटलं नाही, हे दिसत होतं. शेवटी ताईंनी त्यांचा हात धरला आणि सासूच्या पट्टीत ओरडल्या, "ऊठ! दवाखान्यात चाल आधी, मंग भांड माह्याशी."

काकू उठल्या.

साखर फार वाढली होती. डॉक्टरांनी भरती करून घेतलं. काही दिवसांनी त्या घरी आल्या, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. क्लिप शेवटी हटवली गेली, पण तोवर तिच्या कॉप्या दुसऱ्या पेजेसवर गेल्या होत्या. एखादी अजूनही सापडते.

आता कलाकारांच्या करारात आवाजाच्या नकलेबद्दल एक कलम असतं. तक्रार करताना ते बरं पडतं. गोळ्या सोडलेल्या माणसाच्या घरी मात्र अजूनही गाडीनंच जावं लागतं.