पोळ्यात उभी केलेली गाडी

"हात काढ, नाई तं पाना घालीन."

अनसिंगच्या रस्त्यावर आमच्या गॅरेजवाल्या मिस्तरीची ओळख अशी व्हायची. तुमचं बोट त्याच्या गाडीला लागायचा अवकाश, पाना खरंच भिरभिरत यायचा. माझ्या चहाच्या टपरीचा पत्रा त्यानेच चेपलाय. माणूस तिरसट, आणि मीही काही गरीब गाय नाही, त्यामुळे आमचं रोज वाजायचं.

गाडी त्याने स्वतः पत्रा ठोकून बनवलेली. माशासारखी निमुळती, दारं वर उघडणारी. बॅटरीवर गुपचूप चालायची. बॅटरी उतरली की आतलं पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू व्हायचं. पोळ्यानंतर पुण्याहून कंपनीचे साहेब ती पाहायला येणार होते. पसंत पडली तर तशा गाड्या कारखान्यात निघणार होत्या.

"मंग तुमी सारे लायनीत उभे राहसान," तो म्हणायचा.

पण पोळ्याला या दीडशहाण्याला अवदसा आठवली. घरी बैल नव्हते, म्हणून गाडीलाच झूल घातली आणि तोरणाखाली बैलांच्या रांगेत उभी केली. दारं उघडी, सगळे दिवे चालू.

मी म्हटलं, "काहून राजा, बैल बुजले तं मार खाशीन."

"बॅटरीवर हाय. बैलाले पत्ता बी लागत नाई."

तिकडे पहिल्या जोडीचा मान कोणाचा, यावरून गावात जुंपली. तोरण तुटेना, पोळा फुटेना, तासभर सगळे तिथेच उभे. दिव्यांनी बॅटरी खाल्ली आणि इंजिन भडकन सुरू झालं.

बैल उधळले. माणसं तुडवली गेली. शेजारचा पांढरा बैल उघड्या दारातून आत घुसला आणि पाय चौकटीत अडकून हंबरू लागला. लोकांनी मिस्तरीला काठ्यांनी झोडपलं, डोकं फोडलं.

"मले मंग मारा," तो म्हणाला. "आधी घन आना."

कोणीतरी घन दिला. त्याने दार तोडलं, मग टप, मग चौकट. बैलाच्या पायापासून वीतभर अंतरावर घाव पडत होते. शिव्या बैलाला, घाव गाडीला. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

बैल सुटला तेव्हा गाडी म्हणावी असं काही उरलं नव्हतं. "मारा आता," म्हणून तो खाली बसला. कोणी हात उचलला नाही.

साहेब आले, तेव्हा तो त्या बैलाच्या गोठ्यात पायाला लेप लावत होता. मी बोलवायला गेलो. त्याने मान वर केली नाही.

"त्याहिले सांग, मिस्तरी मेला."

मी साहेबांना तसंच सांगितलं. बैल चालायला लागला आणि मिस्तरी गाव सोडून गेला. कुठे, ते कोणालाच ठाऊक नाही.