पंखाजवळची रिकामी भोकं

"१४ नोव्हेंबर. कडक ऊन. विमान न्यायला मेकॅनिक आला," तिने डायरीत लिहिलं.

तिचा नवरा वारला, तेव्हा नऊ वर्षं खपून गॅरेजात बांधलेलं त्याचं छोटं विमान अर्धवटच राहिलं. मेकॅनिकने पंखाजवळच्या पट्टीवर बोट ठेवलं. "आजी, ही नुसती चिकटवलीय. भोकं पाडलीत, मग रिवेट का नाही मारले?"

रिवेटचा खिळा ठोकताना पलीकडून लोखंडी ठोकळा धरायला दुसरं माणूस लागतं. "पाच मिनिटं ये गं," नवरा हाक मारायचा.

"अहो, विमान उडेल तेव्हा उडेल, गॅरेज अडवलंत, आधी माझे कपडे कुठे वाळत घालू ते सांगा!" ती फणकारायची. तो बिचारा पट्टी चिकटवून तिची वाट बघत बसायचा.

"धरायला कुणी नव्हतं," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने डायरीच्या त्याच पानावर लिहिलं, "गॅरेज रिकामं झालं. दोरी बांधून कपडे तिथे वाळत घातले."