खरवडलेल्या नावाची तबकडी

निकानोर बेर्दुगोच्या घरी पाहुण्याला बसायला जागा नव्हती, कारण बाहेरच्या खोलीत वाघ बसलेला होता. वाघ म्हणजे त्याचा पिको. माणसाहून उंच स्पीकरचं कपाट, पुढच्या कापडावर झगझगीत रंगात काढलेला वाघ आणि वाघाच्या गळ्यात सोन्याची साखळी. तरुणपणी हा वाघ बारांकिया शहरातल्या प्रत्येक नाचाच्या मैदानावर गाडीतून मिरवत जायचा. आता निकानोरही थकला होता आणि वाघही, पण घरात मान वाघालाच होता. सोफा कधीच स्वयंपाकघरात गेला होता आणि निकानोरची बायको न्यूरिस त्यावर बसून कांदे चिरायची.

पिकोवाल्याची किंमत स्पीकरवर ठरत नाही, दुसऱ्याकडे नसलेली तबकडी आपल्याकडे आहे का, यावर ठरते. म्हणून जहाजावरून नवी तबकडी हाती आली की जाणता पिकोवाला आधी पातं घेतो आणि मधल्या कागदावरचं गाण्याचं नाव खरवडून टाकतो. मग प्रतिस्पर्ध्यांनी खुशाल नाचावं आणि जळावं. निकानोरच्या सगळ्या तबकड्या अशा टकल्या होत्या. त्यातली एक तर त्याचा जीव की प्राण. छत्तीस वर्षांपूर्वी बंदरावर एका आफ्रिकी खलाशानं ती दिली होती, आणि बदल्यात निकानोरनं दिलं होतं न्यूरिसचं शिवणयंत्र. त्या यंत्रावर ती कार्निव्हलचे घोळदार घागरे शिवायची. तबकडी घरी आणून त्यानं टेबलावर ठेवली, पातं शोधायला सगळं घर पालथं घातलं, शेवटी ते न्यूरिसच्या शिवणाच्या टोपलीत सापडलं, आणि मग त्यानं घाम पुसत नाव खरवडलं. न्यूरिस त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. शेजारणीच्या कोंबडीवरून आठवडाभर भांडणारी बाई यंत्र गेल्यावर गप्प बसते, यात काही असेल असं निकानोरला वाटलं नाही. नवऱ्यांना असल्या शंका येत नाहीत.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग गाणं ऐकून नाव सांगणारे फोन आले. एका रविवारी दुपारी निकानोरनं दाराशी वाघ सुरू केला. समोरच्या घरातली सून यूलेइदिस हातातलं अंडं भरलेलं मक्याचं अरेपा खात बाहेर आली आणि तिनं दुसऱ्या हातातला फोन नुसता उंच धरला.

"काका, हे गाणं ना..." असं म्हणून तिनं गाण्याचं नाव सांगितलं, गायकाचं सांगितलं, वर ढोल वाजवणाऱ्याचंही सांगितलं.

निकानोरनं ती तबकडी झटकन काढली. त्यानं दुसरी तबकडी लावली. तिचंही नाव निघालं. हट्टाला पेटून त्यानं तिसरी लावली, चौथी लावली. संध्याकाळपर्यंत सात तबकड्यांची अब्रू गेली होती. आठवी म्हणजे खलाशाची. तिला त्यानं छातीशी धरलं, दार लावलं आणि तातीस मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

"याला हेडफोन बसव," निकानोर म्हणाला. "मला ऐकू आलं पाहिजे, आणि भिंतीलासुद्धा कळता कामा नये."

तातीसनं आधी वाघाकडे पाहिलं, मग निकानोरकडे. "ही ताकद कानात सोडली तर तुमचं डोकं सांधून द्यायला दुसरा मिस्त्री लागेल. शिवाय जुन्या व्हॉल्व्हचं यंत्र आहे. स्पीकर तोडले की त्याला दुसरा भार द्यावा लागतो, नाहीतर जळून जाईल. मधे डबा बसवावा लागेल."

त्यानं डबा बनवला. आत जाडजूड रेझिस्टर, बाहेर एक खटका. खटका वर केला की वाघ बोलणार, खाली केला की वाघ मुका आणि गाणं हेडफोनमध्ये. स्पीकरला जायची सगळी ताकद डब्यात उष्णता होऊन बसायची, त्यामुळे तो तव्यासारखा तापायचा. न्यूरिसनं दुसऱ्याच दिवशी त्यावर कॉफीचं भांडं ठेवलं. इतक्या वर्षांत त्या तबकडीचा तिला झालेला हा पहिला उपयोग.

निकानोर मात्र हरखून गेला. हेडफोनमध्ये त्याला कधी न ऐकलेलं ऐकू येऊ लागलं. तिसऱ्या मिनिटाला ढोलांच्या मागे कुणीतरी खोकत होतं. "न्यूरिस, तो खोकलासुद्धा आता फक्त माझा आहे!" असं तो ओरडायचा, आणि ती म्हणायची, "मग औषधही तूच घे."

गुपित असलं तरी ते आहे हे लोकांना दिसायला हवं. म्हणून त्यानं लांब वायर घेतली आणि तो रोज दुपारी दारात डुलत्या खुर्चीवर हेडफोन लावून बसू लागला. डोळे मिटलेले, पाय ठेका धरतोय, आणि चेहऱ्यावर असा भाव की गल्लीतल्या बापड्यांनो, तुमच्या नशिबी हे नाही. पहिले काही दिवस बापडे थांबून बघायचे. मग थांबेनासे झाले. दोन वर्षांत अशी वेळ आली की नवी पोरं वाघाला कपाट समजू लागली.

ओस्वाल्दो चारिस हा निकानोरचा जुना प्रतिस्पर्धी. एका रविवारी तो कोपऱ्यावरच्या डोमिनोच्या टेबलावरून मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "ती तबकडी कधीच फुटली रे! म्हातारा हेडफोन लावून फुटबॉल ऐकतो."

सगळे हसले. नेमकी तेव्हाच तबकडी संपली होती, त्यामुळे निकानोरला प्रत्येक शब्द ऐकू आला. त्याला फार लागलं. आयुष्यभर जपलेली एकच मिजास, आणि तिच्यावर लोक हसत होते. तो आत गेला, डब्यावरचं कॉफीचं भांडं बाजूला सारलं, सुई पहिल्या रेघेवर ठेवली आणि खटका वर केला.

खिडक्या थरथरल्या. डोमिनोच्या सोंगट्या टेबलावर नाचल्या. पहिल्या ढोलाबरोबर म्हाताऱ्या बायका खुर्च्या सोडून उठल्या. चारिसनं धावत येऊन फोन उंच धरला, यूलेइदिसनं धरला, अख्ख्या गल्लीनं धरले. फोन बराच वेळ विचार करत राहिले आणि एकेक करून म्हणाले, काही सापडलं नाही.

म्हणजे दोन वर्षं तो फुकट घाबरला होता. पण निकानोरला ते सुचलंच नाही, त्याची छाती फुगली होती. "बघितलंत? फोनलाही माहीत नाही! नाव फक्त मला माहीत आहे!"

"मग सांग की," चारिस म्हणाला. "माझ्या एकट्याच्या कानात सांग. मी हरलो, गावभर कबूल करतो."

निकानोरनं तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. पातं सापडल्याच्या घाईत त्यानं ते नाव धड वाचलंच नव्हतं. छत्तीस वर्षं तो जे लपवत होता, ते त्याच्यापाशी नव्हतंच.

"मला माहीत आहे," न्यूरिस दारातून म्हणाली. "हा पातं शोधत होता तेव्हा मी मापांच्या वहीत उतरवून घेतलं. माझं शिवणयंत्र कशापायी गेलं, ते मला कळायला नको?"

"वहिनी!" चारिस हात जोडून पुढे झाला. "माझ्या आईचं यंत्र घरात पडून आहे. आत्ता आणतो!"

"तुम्ही कशाला? ज्यानं नेलं तो आणेल. मग त्याच्या कानात सांगेन."

पुढच्या रविवारी निकानोर ते यंत्र हातगाडीवर घालून घरी आला. त्याबद्दल चारिसला त्यानं सात तबकड्या दिल्या होत्या, अब्रू गेलेल्या. न्यूरिसनं यंत्र पुसलं, तेल घातलं, चाक फिरवून पाहिलं. मग तिनं नवऱ्याला खुर्चीत बसवलं, स्वतःच्या हातानं त्याला हेडफोन लावले, तबकडीवर सुई ठेवली आणि खटका खाली केला. गाणं ऐन रंगात आल्यावर ती वाकली आणि हेडफोनला तोंड लावून काहीतरी बोलली.

त्याला फक्त तिचा श्वास गालावर जाणवला. त्यानं हेडफोन ओरबाडून काढले. "काय? काय म्हणालीस?"

"नाव सांगितलं. कानात सांगेन म्हटलं होतं, सांगितलं."

"पण मला ऐकू आलं नाही!"

"दोन वर्षं गल्लीलाही आलं नाही," न्यूरिस म्हणाली. तिनं डब्यावर कॉफीचं भांडं ठेवलं, यंत्राशी बसली आणि पॅडल मारलं. त्याचा खडखडाट मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू गेला.