मोहिते सरांचा जंक फोल्डर

“ही मेल उघडायची नाही,” मोहिते सर म्हणाले आणि त्यांनी माउस माझ्या हाताखालून ओढून घेतला.

त्यांचा मुलगा तेजस सकाळी डोंगरात गेला होता आणि परत आला नव्हता. दुपार कलली होती. मागे सोफ्यावर मोहिते काकू मोबाइल मुठीत धरून बसल्या होत्या. आणि इथे कॉम्प्युटरसमोर आम्ही दोघं एका मेलवरून भांडत होतो.

मी लोणावळ्यात कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं करते. हॉटेलांचं बिलिंग, शाळेची लॅब, बंगल्यांमधलं वायफाय. मोहिते सरांकडे माझी एएमसी आहे, म्हणजे वर्षभराचं देखभालीचं काम. खरं तर त्यांचा कॉम्प्युटर कधी बिघडत नाही. वाद घालायला कोणीतरी हवं म्हणून ते मला बोलावतात, असा माझा जुना संशय आहे. एका कारखान्याच्या खरेदी विभागातून ते निवृत्त झाले. सकाळी चहाबरोबर टेक्नॉलॉजीच्या बातम्या वाचायच्या आणि त्यातली सगळ्यात भीतीदायक बातमी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची, हा त्यांचा नेम. या उपदेशापायीच सगळे त्यांना सर म्हणतात. ब्राउझरबद्दलही त्यांची मतं ठाम. रंगीत गोलाचा ब्राउझर आपली माहिती विकतो. कोल्ह्याच्या चित्राचा त्यातल्या त्यात बरा, पण तोही चारी बाजूंनी कुलपं घालूनच, म्हणजे पानावरचं जवळजवळ सगळं अडवून, वापरायचा. मी एकदा म्हणाले, “सर, ब्राउझर म्हणजे चप्पल. पायाला बसली की झालं.” त्यानंतर बरेच दिवस त्यांनी मला चहा विचारला नव्हता.

त्या रविवारी फोन आला तो काकूंचा. “तू ये गं. कॉम्प्युटरमधून काही कळतं का बघ.” त्यांचा आवाज ऐकूनच मी हातातलं काम टाकून निघाले.

तेजस पहाटे बाइक घेऊन ढाकच्या डोंगराकडे गेला होता. एकटाच. जेवायला येतो म्हणाला होता. आला नाही. फोन लागेना. जांभिवलीच्या पुढे, कोंडेश्वराच्या देवळाजवळ त्याची बाइक उभी दिसली. पोलिसांत कळवलं. डोंगरात कोणी अडकलं की दोर घेऊन जाणारी आमच्या भागातली मुलं आहेत, तीही निघाली. त्यांचे म्होरके दत्ताभाऊ. वडिवळ्याला भातशेती करतात आणि त्या डोंगरात लहानपणापासून फिरलेले. भाद्रपद संपत आला होता, भात पोटरीत, म्हणजे कणसं धरायच्या बेतात होतं, पण डोंगरावरचे ढग काही उठायला तयार नव्हते.

मी पोचले तेव्हा नुकतीच एक बातमी आली होती. पोलिसांनी मोबाइल कंपनीकडून माहिती काढली होती आणि तेजसचा फोन शेवटचा कर्जतच्या बाजूच्या टॉवरला लागला होता. सगळ्यांनी त्याचा सरळ अर्थ काढला. पोरगा डोंगर ओलांडून पलीकडे कोकणात उतरला आणि तिकडेच कुठेतरी अडकला. दत्ताभाऊंची जीप लोणावळ्यावरून खंडाळ्याकडे निघालीसुद्धा. घाट उतरून कर्जतला जायचं आणि खालून शोधायचं. तुकडी एकच होती. एकदा खाली गेली की अंधार पडायच्या आत परत वर येणं शक्य नव्हतं.

“तेजस मोबाइलवर काही लावून चालतो का?” मी विचारलं.

“पावलं मोजायचं काहीतरी आहे,” काकू म्हणाल्या. “नकाशापण दिसतो त्यात.”

अशा ॲपमध्ये एक सोय असते. आपण चालायला लागलो की घरच्या एका माणसाला आपोआप मेल जाते. मेलमध्ये एक लिंक असते, तिच्यावर आपली वाट दिसते. मी सरांना मेलबॉक्स उघडायला लावला. इनबॉक्समध्ये वीजबिल, बँक आणि एका चुलतभावाच्या आरोग्यविषयक सूचना होत्या. तेजसकडून काही नव्हतं.

“जंक बघू,” मी म्हणाले.

“जंक मी बघत नाही. उघडणंच धोक्याचं.”

जंक म्हणजे मेलबॉक्सचा कचऱ्याचा डबा. संशयास्पद मेल तिथे पडते आणि काही दिवसांनी आपोआप पुसली जाते. सरांनी तर वर स्वतःचा फिल्टर लावला होता. फिल्टर म्हणजे नियम. अनोळखी पत्त्यावरून मेल आली आणि तिच्यात लिंक असली, की ती थेट जंकमध्ये. कुठल्याशा फसवणुकीची बातमी वाचून त्यांनी हा नियम केला होता आणि सोसायटीतल्या निम्म्या लोकांना शिकवलाही होता.

मी त्यांचं न ऐकता जंक उघडलं. लॉटरी, अडकलेलं पार्सल, वीज तोडण्याची धमकी, गुडघेदुखीवरचं तेल. आणि मध्ये एक इंग्रजी ओळ. तेजस चालायला निघाला आहे, त्याची वाट इथे पाहा.

तिथेच सरांनी माउस ओढून घेतला होता.

“सर, पोराचं नाव आहे त्यावर!”

“म्हणूनच! आजकाल घरच्यांची नावं घालूनच फसवतात. परवाच वाचलं मी. तुम्ही त्यावर क्लिक कराल आणि बसाल बोंबलत.”

मला संताप आला. पण खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फसवणारी मेल अशीच असते. आपण घाबरलेले असताना येते, आपल्या माणसाचं नाव घेते आणि घाई करायला लावते. ज्या एका गोष्टीवर त्यांचा भरवसा होता, तीच सोडायला मी सांगत होते.

“बरं,” मी म्हणाले. “क्लिक नको. फक्त वेळ बघू.”

मेल पहाटेची होती. तेजसची बाइक कोंडेश्वराला पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यानंतरची. मी खाली सरकत गेले. मागच्या रविवारी तशीच एक मेल. त्याच दिवशी दुपारी दुसरी, तेजस सुखरूप परतला आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा तशीच जोडी.

काकू उठून आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. “मागच्या रविवारी तो राजमाचीला गेला होता. त्याच्या आधी तिकोन्याला.”

“मला नाही सांगितलं त्याने,” सर म्हणाले.

सरांनी माउस सोडला.

मी लिंकवर क्लिक केलं. पांढरं पान. पुन्हा केलं. पुन्हा पांढरं. त्यांच्या कोल्ह्याला इतकी कुलपं होती की नकाशाला आत यायला जागाच नव्हती. एकेक कुलूप काढत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. कोपऱ्यात तो रंगीत गोल धूळ खात पडला होता. मी लिंक कॉपी केली आणि तो उघडला.

“तो ब्राउझर माहिती विकतो,” सर सवयीने म्हणाले.

“विकू दे! आज तुमच्या पोराचा पत्ता कोणी विकत असेल ना, तर मी पहिली घेईन.”

मी हे ओरडूनच म्हणाले. काकूंसमोर असं बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

नकाशा उघडला. कोंडेश्वरापासून निळे ठिपके निघाले होते. एकामागून एक, रांगेत, जंगलातून, मग वर डोंगराच्या धारेला. तिथे नेहमीची वाट उजवीकडे जाते. ठिपके डावीकडे गेले होते. कड्याच्या टोकाशी संपले होते. आणि त्याच्यापुढे एकदम खाली कोकणात, कर्जतच्या बाजूला, एक भलंमोठं फिकट वर्तुळ.

“बघा,” सर म्हणाले. “कोकणातच आहे. पोलिस बरोबर सांगत होते.”

मी त्या वर्तुळाकडे बघत राहिले. ते मला ओळखीचं वाटत होतं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. फोनला आपली जागा दोन तऱ्हांनी कळते. मोकळ्यावर तो उपग्रहांकडून अचूक जागा घेतो. तेव्हा नकाशावर ठिपका दिसतो. कड्याच्या पोटात, झाडीत किंवा बॅटरी उतरली की ते जमत नाही. मग तो जवळच्या मोबाइल टॉवरवरून अंदाज करतो. तेव्हा वर्तुळ दिसतं. वर्तुळ सांगतं, मी या टॉवरच्या आसपास कुठेतरी असेन. पण आमच्या डोंगरकडेला टॉवर फसवतो. कड्यावरच्या फोनच्या पाठीशी डोंगर असतो. आमच्या बाजूचा टॉवर त्याला दिसतच नाही. त्याला दिसतो खालचा, कोकणातला. धारेवरच्या एका होमस्टेवाल्याने याच पायी माझं डोकं खाल्लं होतं. त्याचं कार्ड मशिन पाहुण्यांना कर्जतची पावती द्यायचं आणि मोबाइल कर्जतचं हवामान दाखवायचा. माणूस वर, पत्ता खाली.

मी शेवटच्या ठिपक्याची वेळ बघितली आणि वर्तुळाची वेळ बघितली. मध्ये चहा उकळेल एवढंसुद्धा अंतर नव्हतं.

मी दत्ताभाऊंना फोन लावला. जीप खंडाळ्यापाशी होती.

“भाऊ, खाली जाऊ नका. तो वरच आहे.”

“ताई, पोलिसांनी तर कर्जतचा टॉवर सांगितलाय.”

“टॉवर कर्जतचा, माणूस कड्यावर. शेवटच्या ठिपक्यापासून लगेच फोनने कोकण दाखवलंय. एवढ्या वेळात कोणी उतरेल का?”

“एवढ्या येळात? ह्यॅ! तितं उतराया निम्मा दिस लागतोय. घार हाय का त्यो?” मग त्यांचा आवाज बदलला. “पण त्येच्यानंतर उतरला आसंल तर? सकाळपास्नं लय येळ झाला, ताई.”

हा प्रश्न बरोबर होता. मी पुन्हा नकाशाकडे वळले. ते वर्तुळ एकदाच आलं नव्हतं. सकाळभर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा आलं होतं, अगदी त्याच जागी, आणि मग बंद झालं होतं. उतरणाऱ्या माणसाचा फोन टॉवर बदलतो. हा फोन हलला नव्हता.

मी ते सांगितलं. पलीकडे जीपचं इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता.

“ताई, नक्की का? आमाला एकच फेरी हाय. हितनं माघारी वळलो आन् त्यो खाली निघाला, तर रात्र काढंल पोरगं.”

बिलिंग मशिन चुकलं तर मी दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्त करते. इथे दुसरा दिवस नव्हता. माझ्या हातात फक्त एक फिकट वर्तुळ आणि एका होमस्टेवाल्याची तक्रार होती. नक्की म्हणायला माझी जीभ उचलेना.

सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता हे पुरावा मागणार.

“दत्ताभाऊ, मी तेजसचा बाप बोलतोय,” ते म्हणाले. “गाडी वळवा. काही झालं तर जबाबदारी माझी.”

“व्हय. वळवतो,” दत्ताभाऊ म्हणाले. “ताईला सांगा, त्या ठिपक्याचा फोटू धाडा.”

मी नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवला. जीप कामशेतच्या दिशेने सुटली आणि वाटेतूनच त्यांचा फोन आला.

“कळली जागा. ती ढोरवाट हाय, ताई. गुरांच्या पायांनी पडल्याली. नवीन मानसाला तीच खरी वाट वाटती. म्होरं कडा तुटलाय. पर खाली एक गवताचा पट्टा हाय, तितं थांबला आसंल तर बरं.”



त्यानंतर माझ्याकडे काही काम उरलं नव्हतं, पण निघून यायचा धीर होईना. काकूंनी चहा ठेवला आणि तो ऊतू गेला. सर कॉम्प्युटरसमोरच बसून होते. दर थोड्या वेळाने नकाशा रिफ्रेश करत होते. फोनची बॅटरी संपलेली आहे, नवा ठिपका येणार नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. तरी ते करत राहिले. मीही त्यांना थांबवलं नाही. खिडकीबाहेरचा उजेड पिवळा झाला, मग करडा व्हायला लागला.

दत्ताभाऊंचा फोन आला तेव्हा पलीकडे बरीच माणसं एकदम बोलत होती.

“घावला! पाय मोडलाय, पर पोरगं बोलतंय. पानी मागतंय. झोळीत घालून आनतोय.”

काकू मटकन खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या. सर उठले, मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

दोन दिवसांनी मी तेजसला बघायला तळेगावच्या हॉस्पिटलात गेले. पायाला प्लॅस्टर, चेहऱ्यावर ओरखडे, बाकी ठणठणीत. सर त्याच्या उशाशी खुर्चीत बसले होते. तेजसने मला सगळं सांगितलं. गवतावर पडला, पाय हलेना, रेंजची एक दांडी यायची आणि जायची. फोन लागत नव्हता.

“पण मी घाबरलो नाही फार,” तो म्हणाला. “बाबांना मेल गेलेली असणार, हे माहीत होतं. दरवेळी जाते. ते उत्तर देत नाहीत कधी, पण वाचतात. एकटा जाऊ नको असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणजे चालतंय त्यांना, असं धरून होतो मी. खरं ना, बाबा?”

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

“हो तर,” मोहिते सर म्हणाले. “प्रत्येक वाचतो.”

आयुष्यभर कुणाचं एक बिल तपासल्याशिवाय पुढे न सोडलेला माणूस. इतकं सरळ खोटं ते याआधी कधी बोलले असतील, असं मला वाटत नाही. मी ते तिथेच राहू दिलं.

नंतर त्यांच्या घरी जाऊन मी तो फिल्टर काढला. तेजसच्या ॲपचा पत्ता ओळखीच्यांत टाकला. बाकीची कुलपं तशीच ठेवली, कारण ती चुकीची नव्हती. तेव्हापासून प्रत्येक एएमसीच्या वेळी मी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगते. ब्राउझर कुठलाही वापरा, बातम्या वाटेल तेवढ्या वाचा, पण आठवड्यातून एकदा जंक फोल्डर उघडून बघत जा. क्लिक करू नका. फक्त बघा, आपलं कोणी त्यात पडलंय का.