डोलमाताईंचा मराठी वर्ग

"मॅम, मे आय गो टू द वॉशरूम?" माझ्या मुलानं तिसऱ्यांदा विचारलं, तरी डोलमाताई ढिम्म. "ऐकू नाही आलं जी." शेवटी पोरगं मांड्या आवळून ओरडलं, "ताई, मला शू लागलीय!" तेव्हा कुठे त्या हसल्या. "हां, आता आलं. पळ!"

शारजात अल नहदाला, आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये दर शनिवारी मराठी वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या डोलमाताई तिबेटी. वडील लहानपणी हिमालय ओलांडून आले आणि निर्वासितांच्या वसाहतीत जागा मिळाली ती थेट गोंदियाच्या जंगलात. ताई तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकल्या. इथे अल कुसैसच्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होत्या, आणि वर्ग फुकट घ्यायच्या.

स्टीलच्या ताटात पीठ पसरून पोरांकडून बोटानं अक्षरं गिरवून घ्यायच्या. "आमच्यात लाकडाच्या पाटीवर पांढरी भुकटी टाकून लिहिते. चुकलं का पुसा, पुन्हा लिहा. बाबानं मले तिबेटी असंच शिकवलं." कुणी कंटाळलं की म्हणायच्या, "भाषा कपाटात ठेवली का कसर लागते, बाप्पा. बोलत राहा!" इंग्रजीत भांडणारी आमची पोरं सहा महिन्यांत मराठीत भांडायला लागली. याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं होतं आम्हाला?

पण आम्ही पडलो भाषेचे अभिमानी! महाराष्ट्र दिन जवळ आला. पाहुणे येणार, फोटो निघणार, म्हणून बिल्डिंगच्या मराठी समितीची मीटिंग बसली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मुलं 'काहून' म्हणायला लागलीत. शुद्ध मराठी नको का?" मग पोटातलं ओठावर आलं. "आणि स्टेजवर मराठीची टीचर म्हणून चायनीज बाई उभी करायची? लोक काय म्हणतील?" कुणीतरी फिदीफिदी हसलं. "यल्ला, खलास करा विषय," चिटणीस म्हणाले. ताईंना काढायचं ठरलं.

चायनीज! ज्यांच्यापायी त्या माणसांना देश सोडावा लागला, त्यांचंच नाव ताईंच्या कपाळी चिकटवलं, तेही समोसे खाता खाता. ज्यांच्या घरी "बेटा, फिनिश युअर भाजी" चालतं, त्यांनी शुद्ध मराठीच्या गप्पा माराव्यात? जनाची नाही तर मनाची तरी! आज लिहितानाही माझं डोकं तडकतं. आणि सगळ्यात जास्त राग येतो स्वतःचा. अध्यक्षबाईंचे यजमान माझे बॉस. मी त्या मीटिंगमध्ये मूग गिळून बसलो होतो.

निरोप द्यायला मलाच पाठवलं. वर, "कार्यक्रमाला तुमच्या पारंपरिक ड्रेसमध्ये या, एखादा डान्स करा," असंही सांगायचं होतं. निर्लज्जासारखं मी तेही सांगितलं. ताई वर्गाची ताटं धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"मी शिकवाले आली होती, भाऊ. नाचाले नाही." मग हात पुसत त्यांनी विचारलं, "तुमी काय बोलले मीटिंगमधी?"

मी धुतलेली ताटं एकावर एक रचायला लागलो.

"बाबाच्या गावात तिबेटी शिकवणारे एक गुरुजी होते," त्या म्हणाल्या. "सैनिक आले, गुरुजीले घेऊन गेले. सारं गाव दारात उभं होतं. कोणी एक शब्द नाही बोललं. बाबा आता म्हातारा झाला. पण अजूनही सैनिकायले शिव्या नाही देत, भाऊ. गावाले देते."