चौघांना घेऊन समुपदेशनाला

नारपोलीच्या केसरीनाथ पाटलाचा आवाज लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, घडला होता. उभी हयात त्या खडखडाटात गेलेली, त्यामुळे साधं 'चहा आण' म्हटलं तरी शेजारच्या कारखान्यातले कारागीर दचकायचे. पुढे धंदा बसला, लूम भंगारात गेले, शेडमध्ये भाड्यानं गोडाऊन आलं. आवाज मात्र कुणी भंगारात घेतला नाही, तो घरी आला.

घरी होती एकटी बायको, पार्वती. मुलगी दिपाली लग्न होऊन कल्याणला गेलेली. भाजीतलं मीठ, गटाराचा वास, हरवलेला चष्मा, सगळ्याचा जाब पार्वतीलाच. तिनं तो वर्षानुवर्षं मुकाट ऐकला. मग पुतण्याच्या, भाविकच्या हळदीला गाडीची चावी सापडेना म्हणून केसरीनाथ तिच्यावर गरजला, "डोक्यात भुसा भरलाय का तुझ्या?" नेमका त्याच क्षणी डीजेवाल्यानं गाणं बदलायला आवाज बंद केला होता. अख्ख्या मांडवानं ऐकलं, नव्या सोयऱ्यांनीही. चावी याच्याच खिशात निघाली. पार्वती शांतपणे जेवली आणि भावाच्या गाडीत बसून अंजूरला माहेरी निघून गेली.

तिचा निरोप दिपालीनं आणला. आधी रीमा मॅडमकडे जाऊन या, मग पुढचं. या मॅडम समुपदेशक, मनातलं बोलायला मदत करतात, हे दिपालीनं नीट समजावलं. केसरीनाथला एवढंच कळलं की बायको परत आणायची बोलणी आता एका मॅडमकडे होणार. आणि बोलणीला एकटं कोण जातं? सोयरीक असो, बांधाचं भांडण असो, की रुसून गेलेली सून असो, आगरी माणसाच्या घरातून चार माणसं जातात. त्यानं थोरल्या चुलतभावाला, ज्याला सगळं गाव भाऊ म्हणतं, आणि भावकीतल्या आणखी तिघांना पांढरे कपडे चढवायला लावले, पेढ्यांचा खोका घेतला आणि वरात मॅडमच्या दारात नेऊन उभी केली.

भाऊंनी खाकरून रीतसर सुरुवात केली. आमच्या माणसाचं चुकलं असेल तर पदरात घ्या, पण बाई नांदायला पाठवा. मॅडम म्हणाल्या, मी मुलीकडची नाही. मग आमच्याकडच्या का? तर तेही नाही. दोन्हीकडची नसलेली बाई बोलणीत काय करते, हे भाऊंना शेवटपर्यंत उमगलं नाही. मॅडमनी केसरीनाथला विचारलं, पार्वतीबाई गेल्यावर तुम्हाला काय वाटलं? भाऊ म्हणाले, वाईट वाटलं. दुसऱ्यानं बीपी वाढल्याचं सांगितलं. तिसरा हल्लीच्या बायकांवर घसरला. चौथ्यानं पेढ्यांचा खोका उघडला. मॅडमनी चौघांना गोड बोलून, पेढ्यांसकट, बाहेर बसवलं.

आता कुणी उत्तर देणारं उरलं नाही. मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"अ‍ॅसिडिटी," केसरीनाथ म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. हा चुळबुळला. पंखा जोरात लावा म्हणाला. उकडतंय का, त्यांनी विचारलं. नाही म्हणाला, आवाज पाहिजे. मग त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं की लूम गेल्यापासून घर फार गप झालंय, गप घरात आपण संपलो असं वाटतं, आणि ओरडलं की निदान काहीतरी चालू आहे असं वाटतं. एवढं बोलून हा गडी ढसाढसा रडला. बाहेर भाऊंनी ओळखलं, बोलणी फिसकटली.

नंतर तो एकटाच जाऊ लागला. ओरडायच्या आधी थांबायचं, आत काय वाटतंय ते बघायचं आणि तेच सांगायचं, असा अभ्यास मिळाला. पहिला प्रयोग दूधवाल्यावर झाला. उशीर झाला की काळजी वाटते, असं केसरीनाथ त्याला हळुवार म्हणाला. दूधवाल्यानं घाबरून विचारलं, "सेठ, तबियत तो ठीक है ना?"

एका दुपारी तो रिक्षा करून अंजूरला पोचला. मेव्हण्याच्या बायकोनं त्याच्या पाठीमागे बाकीची माणसं शोधली, कुणी नव्हतं. पार्वती ओट्यावर निवट्या, खाडीतले मासे, साफ करत होती. तिनं मान वर केली नाही. केसरीनाथ तिच्याजवळ उकिडवा बसला. ही नाही म्हणाली तर पुढचं सगळं आयुष्य त्या गप घरात काढायचं होतं.

"माझं चुकलं," तो पुटपुटला. "तुझ्याबिगर मना घरात भ्या वाटतं."

पार्वतीचे हात थांबले.

"भुसा बोल्लाव तवा अख्ख्या मांडवानं आयकलं," ती म्हणाली. "आता कानात कशाला सांगताव? आयकू दे सगल्यांना."

केसरीनाथ उभा राहिला आणि लूमवरच्या आवाजात त्यानं तेच वाक्य म्हटलं, भ्या वाटतं त्यासकट. आळीतल्या बायका दारात आल्या. कुणाच्या तरी कोंबड्या उडाल्या. शरमेनं त्याचे कान तापले, तरी तो तसाच उभा राहिला.

पार्वतीनं पदरानं डोळे पुसले आणि पुढची निवटी हातात घेतली.

"त्या मॅडमकडं परत कवा जायचं हाय?"

"गुरुवारी."

"मी पन येते. मना पन बोलायचं हाय. लय सालांचं हाय."

केसरीनाथच्या पोटात गोळा आला, आणि तसं त्यानं तिला लगेच सांगितलंही.