डावी की उजवी

काकूंना एकच खोड होती. दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची. घरातल्या डब्यांवरसुद्धा आत काय, कधी भरलं आणि खाली सही. "आमच्याकडे साखरेलाही तारीख पडते," असं त्यांचे यजमान पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे हसायचे, काकू हसायच्या नाहीत.

सवय नोकरीची होती. गुन्ह्यात जप्त झालेल्या वस्तूला मुद्देमाल म्हणतात, आणि काकू मुद्देमालाच्या कारकून होत्या. चाकू, मोबाइल, रक्ताचा सदरा, जे येईल ते पाकिटात घालून, मोहोर करून, खटला उभा राहीपर्यंत सांभाळायचं. त्या नव्याने लागल्या तेव्हा ही खोली पोलीस ठाण्याच्या जिन्याखाली होती. ओलीने चिठ्ठ्या गळून पडायच्या, उंदीर पाकिटं कुरतडायचे, आणि कोर्टात "मुद्देमाल मिळून येत नाही" एवढं वाक्य वाचलं की आरोपी मिशीवर ताव देत घरी. त्या वाक्याची काकूंना मनस्वी चीड होती. मिळून येत नाही म्हणजे काय, त्याला पाय फुटले?

पुढे राज्याने मुद्देमालाचं वेगळं खातं काढलं. कोरडी खोली मिळाली, लोखंडी फडताळं आली, नियमांचं पुस्तक आलं. त्यातला एक नियम काकूंनी जिवापाड जपला. लिहिताना चुकलं तर खोडायचं नाही. एकच ओळ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि वेळ.

या खोलीच्या खिडकीशी सहा वर्षं एक शिंपी येत होता. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांची एकोणीस वर्षांची मुलगी कामावर चालत निघाली होती. एका गिरणीमालकाच्या मुलाने तिला गाडीखाली चिरडलं आणि न थांबता घर गाठलं. गाडी त्या दिवशी बाहेर काढलीच नाही, असं घरातले सगळे एका सुरात सांगत होते. पण मुलीची उजवी चप्पल रस्त्यावर सापडली आणि डावी त्या गाडीखाली अडकलेली. खटल्याचा सगळा भार त्या डाव्या चपलेवर होता. तिचा पट्टा मास्तरांनीच निळ्या दोऱ्याने शिवून दिला होता, कारण तपकिरी रीळ संपलं होतं.

"आहे ना, काकू?" प्रत्येक तारखेला मास्तर विचारायचे.

"आहे, मास्तर."

मोहोर केलेलं पाकीट उघडून दाखवता येत नसे. मास्तरांनी कधी तसा हट्टही धरला नाही. तेवढं ऐकून ते समोरच्या बाकावर घटकाभर बसायचे आणि मग कोर्टात जायचे.

साक्षी आठवड्यावर आल्या तेव्हा काकूंनी पाकीट तपासायला काढलं. चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात 'उजवी' लिहिलेलं होतं. त्यावर एक ओळ, आणि वर 'डावी'. ही चूक त्या साफ विसरल्या होत्या.

खात्याचे साहेब म्हणाले, "नवी चिठ्ठी लावा. आपण काही वाईटासाठी करत नाही. मुलीला न्याय मिळतोय ना?"

दोन दिवस काकूंना जेवण गेलं नाही. नवी चिठ्ठी लावली तर त्यांचा नियम मातीत जाणार होता. नाही लावली तर कदाचित तो पोरगा सुटणार होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांनाच बोलावून खिडकीतून सगळं सांगितलं.

मास्तर म्हणाले, "चूक खडूची असली तर मी पुसतो, काकू. कात्रीची असली तर गिऱ्हाइकाला सांगतो. तुमची कुठली, ते तुम्हाला माहीत."

जुनीच चिठ्ठी कोर्टात गेली.

बचावाच्या वकिलांना ती आयतीच मिळाली. "रस्त्यावर उजवी सापडली. गाडीखालची म्हणून तुम्ही नोंदवलीत तीही उजवीच. मग मागाहून सोयीने डावी केलीत. बरोबर?"

"मागाहून नाही. सहा मिनिटांनी. वेळ लिहिली आहे."

"म्हणजे तुमच्या हातून चुका होतात."

"होतात. म्हणून तर ओळ मारते. झाकायचं असतं तर चिठ्ठीच बदलली असती."

न्यायाधीशांनी विचारलं, "पण चूक झाली कशी, बाई?"

काकूंनी परवानगी घेऊन चप्पल वकिलांसमोर ठेवली, पुढची बाजू त्यांच्याकडे करून. "अशी होती, साहेब. समोर कोणी उभं असल्यासारखी. पटकन सांगा, कुठल्या पायाची?"

वकिलांनी चपलेकडे पाहिलं, मग मान वाकवून स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. न्यायाधीशांनी तेवढा वेळ त्यांना दिला, आणि मग लेखनिकाला म्हणाले, "साक्षीदाराचं म्हणणं लिहून घ्या."

शिक्षा झाली. वरच्या कोर्टातही ती कायम राहिली. मग मुद्देमाल परत देण्याचा हुकूम आला, तेव्हा काकूंच्या नोकरीचे चारच महिने उरले होते. त्यांनी टेबलावर कोरा कागद अंथरला आणि दोन्ही चपला मास्तरांच्या सोयीने, टाचा त्यांच्याकडे करून मांडल्या.

"ही डावी, ही उजवी. नीट बघून घ्या."

मास्तरांनी निळ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग दोन्ही चपला उचलून उलट्या फिरवल्या आणि पुढची बाजू स्वतःकडे करून ठेवल्या.

"अशा ठेवल्या की ती समोर उभी आहे असं वाटतं," ते म्हणाले.

काकूंनी पावती भरली, पेन बाजूला ठेवलं आणि मास्तरांच्या सहीची घाई केली नाही.